पातेल्यात परत ठेवलेला बटाटा

"पाण्यात उतरलेल्या पोराला सांभाळायला मी काठावर दुसरं पोर उभं करत नाही," वन्सं म्हणाल्या होत्या.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. पोहायला शिकवतात, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही तलावाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जावं असं असतं. मी ओट्यापाशी उभी राहून उकडलेला बटाटा तराजूवर ठेवत होते. माझी आठ वर्षांची लेक शेजारी स्टुलावर चढून तराजूवरचा आकडा वाचत होती. तिचा साडेचार वर्षांचा भाऊ टेबलाशी आतापासूनच तोंड मिटून बसला होता.

"शहाण्णव ग्रॅम," लेक म्हणाली. "म्हणजे कार्ब एकोणीस."

"बघा," मी वन्संना म्हणाले, "तिला आवडतं हे. आणि घरात एकाला दुखणं असलं की सगळ्यांनीच हातभार लावायचा असतो."

"हातभार लावू दे की. पहारा नको करायला लावूस."

"वन्सं, तुमच्या तलावात पोरांना जेवायच्या आधी सुई टोचावी लागत नाही."

"नाही बाई, लागत," त्या म्हणाल्या आणि चहाचा शेवटचा घोट घेतला. निघताना लेकीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाल्या, "काय गं, बढती मिळाली म्हणे तुला. पगार किती?" लेक लाजून हसली. मी दार लावलं आणि मनात म्हटलं, स्वतःच्या पोटी लेकरू नाही, सांगायला यांचं काय जातं.

हे मी मनातच म्हटलं, पण म्हटलं.

धाकट्याला आम्ही बोका म्हणतो. लहानपणी दुधाचं भांडं दिसलं की रांगत यायचा, म्हणून. गेल्या वर्षी हाच बोका अचानक पाण्याच्या मागे लागला. बाटली संपली की दुसरी, दुसरी संपली की नळाला तोंड. रात्री अंथरूण ओलं, दिवसा चिडचिड, आणि पँट कंबरेवरून घसरायला लागली. उन्हाळा आहे, उंची वाढतेय, असं म्हणत आम्ही वेळ काढला. मग एके सकाळी तो नीट श्वासच घेईना. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्ताचा एक थेंब तपासला आणि आम्हाला बसायला सांगितलं. बसायला सांगतात तेव्हा काय असतं ते आता मला कळतं.

त्याच्या शरीरात इन्शुलिन तयार होत नाही. ते बाहेरून टोचायचं. किती टोचायचं हे तो काय आणि किती खाणार त्यावर. भात, बटाटा, पाव, दूध, फळं या सगळ्यांत कार्ब असतात, त्यांची रक्तात साखर होते. ताटातले कार्ब मोजायचे, तेवढ्या मापाचं इन्शुलिन द्यायचं. कमी पडलं तर साखर वाढते. जास्त झालं तर उतरते, आणि उतरते ती भलतीच झपाट्यानं.

मी रंगाच्या दुकानात छटा जुळवून देते. लोक पडद्याचा तुकडा घेऊन येतात, कुणी भिंतीचा सुटलेला पोपडा, आणि म्हणतात, अस्सा रंग हवा. पांढऱ्या रंगाच्या डब्यात काळ्याचा एक थेंब जास्त पडला की संपलं, तो काढून घेता येत नाही. रसायनशास्त्राची पदवी आणि सहा वर्षांचा हा हात, त्यामुळे दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कार्ब मोजायला शिकवलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी शिकले. त्यांनी कौतुक केलं. त्या वर्षात कुणी माझं कौतुक केलेलं तेवढंच आठवतं, म्हणून असेल, पण मी त्या कौतुकाला धरून बसले.

नर्सबाईंनी आणखीही एक सांगितलं होतं. लहान मूल आहे, कधी खाईल, कधी नाही. भरवसा नसेल त्या दिवशी अर्धं आधी टोचा, उरलेलं त्यानं खाल्लेलं बघून नंतर. आठवडाभर मी तसं केलं. पण दोनदा टोचायचं म्हणजे बोका दोनदा पलंगाखाली जाणार, दोनदा त्याचे पाय धरून ओढायचे, दोनदा शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारणार, "सगळं ठीक आहे ना?" म्हणून मी आमच्या घरापुरता नियम केला. टोचायचं एकदाच, जेवायच्या आधी. आणि एकदा टोचलं की ताट रिकामं झालंच पाहिजे.

ताट रिकामं होण्यासाठी मग विमानं आली, गोष्टी आल्या, धाक आला. "संपव रे बाळा" पासून "संपवतोस की नाही" पर्यंत मी रोज जायची. बोका एक घास गालात धरून अर्धा तास बसू शकतो. कामाला जायच्या घाईत मला अर्धा तास कुठून मिळणार? आंघोळीला जाताना, डबे भरताना मी लेकीला सांगायला लागले, "ताई, लक्ष ठेव. तो संपवेपर्यंत उठायचं नाही." बोका झाल्यापासून ती सगळ्यांचीच ताई. त्याची तर आहेच, पण माझी, तिच्या बाबाची, शेजारच्या काकूंचीही.

तिनं ते काम अंगावर घेतलं तेही असं, की विचारू नका. कुणाच्या हातात केळं दिसलं की सांगायची, "अर्धं बारा, पूर्ण चोवीस." पाहुण्यांना गंमत वाटायची. तिचा बाबा लिफ्टची दुरुस्ती करतो, तो म्हणायचा, "माझ्या लिफ्टमध्येसुद्धा इतक्या अचूक वजनाची घंटा नाही." भावासमोर बिस्किट खायची नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक रुमालात गुंडाळून आणला आणि जिन्यातच खाऊन वर आली. ओठाला लागलेलं क्रीम मी पुसलं आणि म्हटलं, "किती शहाणी गं माझी ताई." जिन्यात एकटीनं केक खाणाऱ्या पोरीला मी शहाणी म्हटलं.

तो शनिवार होता. नवरा कामावर, पोरं घरी. दुपारी बोक्याच्या ताटात भात, वाटाणे आणि एक मोठा बटाटा. चाळीस कार्ब, त्याला दोन युनिट. टोचलं, तो रडला, टेबलाशी बसला. लेक तिचं ताट घेऊन त्याच्या शेजारी. तेवढ्यात दुकानातून फोन. मी सकाळी जुळवून दिलेला रंग गिऱ्हाइकानं भिंतीला लावला होता आणि आता म्हणत होता की हा वेगळाच दिसतोय. मालक माझ्यावर चढले. मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले, दार लोटलं, आणि ओला रंग आणि वाळलेला रंग यांतला फरक त्यांना समजावत बसले. बराच वेळ गेला.

बाहेर आले तर बोक्याचं ताट चाटूनपुसून स्वच्छ.

"संपलं?" मी विचारलं.

"संपलं," लेक म्हणाली.

"अरे वा रे माझा बोका." तो टेबलाखाली गाडी फिरवत होता. मी तिची पाठ थोपटली. तिची मान खाली होती. दमली असेल, वाटलं.

दीड-दोन तासांनी दोघांना घेऊन केस कापायला गेले. आमचा न्हावी बडबड्या माणूस आहे. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून त्यानं बोक्याला वर बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. "साहेब, मिशी ठेवायची की काढायची?" एरवी बोका यावर खदाखदा हसतो. आज हसला नाही. मी बाकावर बसून मालकांचा निरोप वाचत होते. लेक माझ्या शेजारी नव्हती, ती खुर्चीजवळ उभी राहून आरशातल्या भावाकडे टक लावून बघत होती.

"ताई, बाजूला हो जरा, काकांना अडचण होते," मी म्हणाले.

ती हलली नाही.

"झोपला की हो हा," न्हावी म्हणाला. "मान धरतच नाही."

मी आरशात बघितलं. बोक्याचे डोळे उघडे होते, पण ते कुणाचेच नव्हते. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी पिशवी उलटी केली, त्याचं बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. एक्केचाळीस. सत्तरच्या खाली गेलं की घाबरायचं असतं. रसाचा डबा फोडला, नळी त्याच्या ओठांशी लावली.

त्यानं दात घट्ट मिटले.

"पी, बाळा, पी. सगळं पी. संपव." तो आणखीच मिटला. वर्षभर रोज असंच मिटलेलं ते तोंड. न्हाव्यानं कात्री खाली ठेवली आणि फोन उचलून दवाखान्याची गाडी बोलवायचा नंबर विचारायला लागला. माझा आवाज चढत होता. मग माझ्या कोपराखालून लेक घुसली. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"बोक्या, संपवायचं नाहीये," ती म्हणाली. "एकच घोट. बाकीचा नाही संपवायचा. शप्पथ."

त्याचे ओठ सुटले. एक घोट, मग दुसरा. गिळत होता, हळू, पण गिळत होता. आम्ही तिथेच थांबलो. पाव तासानं अठ्ठावन्न, मग पुन्हा रस, मग चौऱ्याऐंशी. अर्धे केस कापलेल्या डोक्यानं बोका म्हणाला, "मिशी ठेवा." न्हावी मटकन बाकावर बसला.

"संपवायचं नाहीये" हे ती का म्हणाली, याचा मी त्या वेळी विचार केला नाही. मी मनात बटाटा मोजत होते.

घरी आल्यावर बोका झोपेला आला, त्याला कोचावर माझ्या नजरेसमोर निजवलं. न फोडलेलं साखरेचं एक किलोचं पाकीट तराजूवर ठेवून बघितलं. बरोबर. दुसऱ्या जागी ठेवून बघितलं. तेही बरोबर. मग नर्सबाईंना फोन लावला.

"माझं मोजमाप चुकतंय," मी म्हणाले. "महिनाभरात तीनदा साखर उतरलीय. आज तर फारच. मी रात्रीपासून त्याचं इन्शुलिनचं माप कमी करते."

"थांबा," त्या म्हणाल्या. "नुसतं माप कमी केलं आणि कारण वेगळंच असलं, तर साखर वर जाऊन बसेल. तुम्ही आधी एक सांगा, त्यानं दुपारी खरंच सगळं खाल्लं?"

"हो. माझ्या मुलीनं समोर बसून बघितलंय."

मी फोन ठेवला तेव्हा लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तराजूकडे बघत.

"आई, तो बिघडलेला नाहीये."

"तुला काय माहीत? जा, तोंड धू."

"तो बरोबर आहे. बटाटा मी खाल्ला."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. "तुझ्या ताटातला ना?"

"बोक्याच्या. तो म्हणाला, उलटी होईल. रडत होता. तू आतून बाहेर आली असतीस तर ओरडली असतीस. म्हणून मी खाल्ला." मग भराभर म्हणाली, "पण मी माझा बटाटा परत पातेल्यात ठेवला, आई. तेवढाच. म्हणजे हिशेब बरोबरच झाला."

मी पातेल्याचं झाकण काढलं. आत एक बटाटा होता, तिच्या ताटातलं मीठ लागलेला.

तिच्या लेखी जमाखर्च जुळत होता. टेबलावर दोन बटाटे वाढले गेले, एक खाल्ला गेला, एक परत आला. फक्त दोन युनिट इन्शुलिन कुणाच्या अंगात गेलंय, ते तिच्या बेरजेत नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीच्या बेरजेत ते का असावं? मी तिला आकडे शिकवले होते, ते कशासाठी आहेत हे सांगायचं राहिलं होतं. मी तिला एवढंच शिकवलं होतं की ताट रिकामं झालं की आई ओरडत नाही.

"याआधी कितीदा?"

तिनं बोटं मोजायला घेतली, एका हाताची संपली, दुसऱ्या हाताला लागली.

इथे मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. न्हाव्याच्या दुकानातली ती भीती मी तिच्यावर काढली. मी म्हणाले, "तुझ्यामुळे आज तो गेला असता."

ती रडली असती तरी बरं झालं असतं. ती फक्त "हो" म्हणाली. सांगितलेलं काम समजलं की म्हणते, तसं.

संध्याकाळी नवरा आला. सगळं ऐकून बराच वेळ बूट हातात धरून बसला. मग म्हणाला, "चूक तुझी, माझी, दोघांची. पण तिला तू म्हणालीस ते मागे घे."

"घेतलं मागे. सॉरी म्हणाले तिला."

"मग?"

"ती म्हणाली, इट्स ओके."

"आठ वर्षांचं पोर इट्स ओके म्हणतं?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. नर्सबाईंनी नीट समजावून दिल्याप्रमाणे अर्धं इन्शुलिन आधी, उरलेलं जेवण बघून नंतर. बोका दोनदा पलंगाखाली जातो. जाऊ दे. ताटात उरतं. उरू दे. शेजारच्या काकू विचारतात, मी सांगते, "ठीक आहे, नुसता तमाशा आहे." आणि लेकीला सांगितलं, "आता तुला लक्ष ठेवायचं नाही. तू फक्त तुझं जेव."

मला वाटलं, तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. ती म्हणाली, "मला काढलं?"

"काढलं नाही गं. सुट्टी दिली."

"चुकलं म्हणून?"

मी नाही, नाही म्हणत राहिले. पण ज्या कामासाठी वर्षभर शहाणी म्हटलं, तेच काढून घेतल्यावर तिच्याकडे शहाणं राहायला उरलं काय?

मग तिचं जेवण बारीक झालं. एकदम नाही, एकेक घास करून. "यात किती?" असं ती आता स्वतःच्या ताटाकडे बघून विचारायची. मी म्हणायची, "तुला नाही गं मोजायचं, तुला काही झालं नाही." तिला काही झालं नाही, हे वाक्य मी या वर्षात किती जणांना सांगितलंय. डॉक्टरांना, शाळेत, फोनवर आईला. "मोठीचं काही नाही, ती ठीक आहे."

महिन्याभरानं एका रविवारी वन्सं आल्या. माझ्या नवऱ्यानं त्यांना सांगितलं होतं. मी तयारीत होते, की आता म्हणतील, मी सांगत नव्हते? उत्तरही जुळवून ठेवलं होतं. त्यांनी चप्पल काढली, आत बघितलं आणि त्यांच्या त्या तलावाच्या आवाजात विचारलं, "भिंगरी कुठाय?"

मला क्षणभर कळलंच नाही की कोण भिंगरी. मग आठवलं. बोका होण्याआधी आम्ही लेकीला भिंगरी म्हणायचो. घरभर गिरक्या घ्यायची, घेरी येऊन पडायची आणि पडल्या पडल्या हसायची.

ती खिडकीपाशी चित्र रंगवत होती. हाक ऐकून तिनं मान वर केली, आणि मागे वळून बघितलं, आणखी कुणाला बोलावलं का ते.

वन्संनी मला एका शब्दानं टोचलं नाही. त्या तिच्याजवळ खाली फरशीवर बसल्या आणि तिच्या चित्रातल्या माशाला नावं ठेवायला लागल्या. "हा मासा की वांगं? असा मासा माझ्या तलावात आला तर मी फी परत करीन." लेक हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली, असं मी म्हणू शकत नाही, कारण आधी ती हसत होती की नाही याकडे मी बघतच नव्हते. बोक्याची साखर पहाटे किती होती, दुपारी किती होती, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारा.

त्या दुपारी बोक्याचं जेवण नवऱ्याकडे दिलं. मी लेकीच्या शेजारी बसले. मोजायला नाही, नुसती बसले. तिनं बटाट्याचा एक तुकडा तोडला, तो भावाच्या ताटाकडे बघत धरून ठेवला, मग खाल्ला. दुसरा पातेल्यात ठेवायला हात उचलला. तिनं माझ्याकडे बघितलं.

"आई, मी हा नाही खाल्ला तर कुणाला काही होईल?"

"कुणालाही काही होणार नाही."

"आणि खाल्ला तर?"

"तरी नाही."

तिनं तो तुकडा बोटांनी फिरवला. "मग मला काय वाटतं ते करू?" असं विचारलं, आणि मला इतकं साधं "हो" म्हणायलाही वेळ लागला. तिनं तो तुकडा ताटातच ठेवला, ना खाल्ला ना परत केला, आणि पाणी प्यायली. अजून ती नीट जेवत नाही. बोक्याबरोबर आता तिलाही डॉक्टरांकडे नेतो, तिच्यासाठी वेगळी वेळ घेऊन. परवा बाहेर थांबलो असताना तिनं विचारलं, "हा माझा नंबर आहे? एकटीचा?"

तुमच्या घरात एखादं मूल दुखणाईत असेल, त्याचे घास, गोळ्या, आकडे तुम्हाला पाठ असतील, तर हे वाचून झाल्यावर त्याच्याकडे जाऊ नका, त्याच्याकडे तुम्ही जाताच. ज्याला काही झालेलं नाही, जे शेजारच्या खोलीत गुपचूप आहे, जे विचारल्यावर "ठीक आहे" म्हणतं, त्याच्याजवळ जाऊन बसा. भावंडानं काय खाल्लं, हे त्याला विचारू नका. त्यानं काय खाल्लं, ते बघा.